वस्तूंना कपाट मिळतं, वह्यांना का नाही?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गिरगावातली मामाची चाळ पुनर्विकासाला गेली. खोली रिकामी करताना पलंगाखालून पत्र्याची ट्रंक निघाली, तिच्यात एकतीस वह्या. मामा रेल्वेत कारकून. रविवार उजाडला की डबा घेऊन आगाशी, निर्मळ, नालासोपारा. वीरगळ (वीरांच्या स्मरणाच्या शिळा) आणि गद्धेगाळ (दान मोडेल त्याला गाढवाची शिवी कोरलेल्या दानाच्या शिळा) शोधायचा नाद. कोणी विचारलं तर मामी सांगायची, ‘गेलेत धोंडे मोजायला.’

एका पानावर पेन्सिलीने काढलेली गद्धेगाळ आहे : वर चंद्र-सूर्य, मधे झिजलेल्या ओळी, खाली ती गाढवाची शिवी. कडेला उंची-रुंदी आणि बारीक अक्षरात, ‘विहिरीच्या उत्तरेला, बांधावर. शेंदूर ताजा. म्हातारे म्हणतात, पूर्वी आडवी पडलेली, त्यावर कपडे धूत.’ त्या बांधावर आता सात मजले उभे आहेत. शिलाहारांच्या काळातल्या या शिळा दिलेल्या जमिनीवर रोवत. शिळा हलली की दान कोणत्या शिवाराचं, हेच कळेनासं होतं. तो शिवार आता फक्त मामाच्या पानावर उरलाय.

वह्या पिशवीत भरून मी एका संस्थेत गेले. तिथले गृहस्थ सभ्यपणे म्हणाले, ‘ताई, एखादी मूर्ती, नाणं असेल तर बघू. कागद ठेवायला जागा नाही.’

परत येताना मला एकोणिसाव्या शतकातले पुरातत्त्वाचे अभ्यासक पंडित भगवानलाल इंद्रजी आठवले. जुनागढचा हा माणूस डॉ. भाऊ दाजी लाडांच्या हाताखाली मुंबईत घडला. लिहायचे गुजरातीत, नेपाळच्या शिलालेखांवरचं त्यांचं लेखन संस्कृतचे जर्मन पंडित ब्यूलरसाहेबांनी इंग्रजीत नेलं. एप्रिल १८८२मध्ये त्यांनी सोपाऱ्याचा ‘बुरुड राजाचा कोट’ म्हणवला जाणारा बौद्ध स्तूप खणला. आत दगडी पेटी. तिच्यात तांब्याची डबी आणि भोवती आठ छोट्या मूर्ती. तांब्याच्या डबीत चांदीची, तिच्यात दगडी, मग स्फटिकाची, सर्वांत आत सोन्याची आणि त्या सोन्याच्या डबीत मातीच्या भांड्याच्या तेरा खापऱ्या, बुद्धाच्या भिक्षापात्राच्या मानलेल्या. ही पेटी टाऊन हॉलमध्ये एशियाटिक सोसायटीकडे आहे. पण कशातून काय निघालं, हे पंडितजींनी लिहून छापलं नसतं, तर आज आपण नुसत्या पाच डब्या बघत बसलो असतो.

ते १८८८मध्ये गेले, अवघ्या ४८व्या वर्षी. त्यांची नाणी आणि मथुरेच्या स्तंभाचं सिंहशीर्ष मृत्युपत्राप्रमाणे ब्रिटिश म्युझियमला गेलं. ते आपल्याकडे राहायला हवं होतं असं मला वाटतं, पण तो वाद वेगळा. मागे राहिलेल्या टिपणांतून नाणेतज्ज्ञ रॅप्सन यांनी पश्चिम क्षत्रप या जुन्या राजवंशाच्या नाण्यांवरचा निबंध १८९०मध्ये छापला. गुजरातचा प्राचीन इतिहास जॅक्सन यांनी पुरा केला आणि तो १८९६च्या गॅझेटिअरमध्ये आला. (हेच ते नाशिकचे जॅक्सन, अनंत कान्हेऱ्यांच्या गोळीला बळी पडलेले.) टिपणं कोणी रद्दीत घातली असती, तर यातलं काहीच हाती लागलं नसतं.

माझा मामा काही पंडितजी नव्हे. पण असे हौशी लोक या शहरात पुष्कळ असणार, आणि चाळी भराभर पाडल्या जातायत. मुंबईतल्या वस्तुसंग्रहालयांनी आणि ग्रंथालयांनी मिळून एवढं तरी ठरवावं : असे कागद कोण घेणार आणि कोणत्या दिवशी. मूळ वह्या ठेवायच्या नसतील तर स्कॅन करून परत द्या. मात्र वह्या घेताना घरच्यांना चार प्रश्न विचारून ते लिहून ठेवा. मामाच्या वह्यांत ‘दा.’ आणि ‘पा.’ अशा खुणा आहेत. त्यांचा अर्थ मामीला ठाऊक होता. ती गेल्या वर्षी वारली.

वह्या सध्या बोरिवलीला माझ्या फ्रीजवर आहेत. त्याच भिंतीला पावसाळ्यात ओल येते. जूनच्या आत कोणी घेणार असेल तर मी स्वतः आणून देईन.

— एक निवृत्त चित्रकला शिक्षिका, बोरिवली