पेटीतले अंश कोण मोजणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

हृदय प्रत्यारोपणाची बातमी आली की मथळा ठरलेला: ग्रीन कॉरिडॉर, लोहगाव विमानतळ इतक्या मिनिटांत. वाहतूक पोलिसांचे कौतुक व्हायलाच हवे. एरवी नगर रस्त्यावर आपण रुग्णवाहिकेलाही धड वाट देत नाही. पण माझी नोकरी भोसरीत शीतपेट्या आणि कोल्ड रूम दुरुस्त करण्यात गेली, त्यामुळे माझी नजर फोटोतल्या पेटीवरच खिळते. आत किती अंश होते, हे मी बातमीत कधी वाचलेले नाही.

मूत्रपिंड थंड ठेवले तर दिवसभर टिकते, हृदयाला साधारण चारच तास मिळतात. पोटॅशियम असलेले थंड द्रावण सोडून ते थांबवतात, निर्जंतुक पिशव्यांत एकात एक घालून बर्फात ठेवतात. पण वितळता बर्फ शून्य अंशावर असतो. वेळ जाईल तसे हृदयही तिकडेच सरकते, आणि दोन अंशांखाली गेले की थंडीनेच स्नायूला इजा होऊ लागते. गाडी कितीही वेळेत पोहोचो, ही इजा भरून निघत नाही.

लसींच्या बाबतीत आपण हे केव्हाच शिकलो. हिपॅटायटिस बी किंवा डीपीटीची कुपी गोठली की लस वाया. म्हणून फ्रीझरमधला आइसपॅक लगेच पेटीत घालायचा नाही. हलवल्यावर आत पाणी वाजेपर्यंत थांबायचे, हे लसीकरणाच्या सिस्टरना पाठ असते. लसींच्या खोक्यांसोबत तापमान नोंदवणारे डेटा लॉगरही जातात.

हृदय 4 ते 8 अंशांत राखणाऱ्या खास पेट्या परदेशात वापरतात. उबदार रक्त खेळवून हृदय धडधडत ठेवणाऱ्या यंत्राला अमेरिकेत 2021 मध्ये मान्यता मिळाली. ही साधने महाग, ती उद्याच सगळीकडे आणा असा हट्ट मी धरणार नाही. डेटा लॉगर मात्र काही हजारांत मिळतो. पुण्याच्या झेडटीसीसीने, म्हणजे विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राने, हृदयाच्या प्रत्येक पेटीत तो सक्तीचा करावा आणि त्याचा आलेख प्रत्यारोपण करणाऱ्या सर्जनच्या हाती द्यावा. फक्त सेन्सर बर्फात खुपसू नका, निर्जंतुक करून बाहेरच्या पिशवीच्या आत, आतल्या पिशवीलगत ठेवा. नाहीतर तो प्रवासभर बर्फाचेच तापमान दाखवत बसेल.

– एक निवृत्त रेफ्रिजरेशन तंत्रज्ञ, भोसरी