मंडळाची सायकल सहल तीन चाकांवर काढायची असेल तर

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

उन्हाळ्यात महाराष्ट्रातून आई-वडील, सासू-सासरे अमेरिकेत मुलांकडे येतात आणि इथली मराठी मंडळे त्यांच्यासाठी सहली काढतात. आता काही ठिकाणी सायकल सहलीचा विषय निघू लागला आहे. त्यातही बोलणे होते ते रिकंबंटचे, म्हणजे खुर्चीसारख्या सीटवर पाठ टेकून, पाय पुढे करून चालवायच्या सायकलीचे. गुडघा, कंबर किंवा गेलेला तोल यांमुळे ज्यांनी साधी सायकल सोडून दिली, त्यांना तीनचाकी रिकंबंट चालवता येते. तिला इथे ट्राइक म्हणतात. ही कल्पना फार चांगली आहे. पण साध्या सायकलींच्या सहलीचाच बेत तिला लावला तर पहिल्या दिवशी दुपारपर्यंत निम्मी मंडळी सावलीत बसून गाडीची वाट बघत असतील. म्हणून नैऋत्य ओहायोतले झीनिया हे गाव समोर ठेवून, शनिवार-रविवारचा बेत कसा आखावा ते लिहीत आहोत.

झीनिया निवडण्याचे कारण म्हणजे तिथे चारी बाजूंनी सायकलमार्ग येऊन मिळतात. उत्तरेला यलो स्प्रिंग्ज सुमारे दहा मैलांवर, ईशान्येला सीडरव्हिल सुमारे आठ मैलांवर, दक्षिणेला स्प्रिंग व्हॅली आणि पुढे कॉर्विन, पश्चिमेला डेटन. हे मार्ग जुन्या रेल्वेच्या जागेवर केलेले आहेत आणि डांबरी आहेत. ७८ मैलांचा लिटल मायामी ट्रेल यांतलाच. झीनियात रेल्वे आली ती १८४५ साली, आणि तेव्हाच्या इंजिनांना झेपावा म्हणून ठेवलेला सौम्य चढ आज ट्राइकवाल्यांच्या कामी येतो. साध्या सायकलीवर चढ आला की माणूस पेडलवर उभा राहतो. रिकंबंटवर ती सोय नाही, सगळे पायांवर आणि गिअरवर. थांबण्याआधीच हलका गिअर टाकायची सवय म्हणूनच पहिल्या तासात लावून घ्यावी. जड गिअरमध्ये थांबलेली ट्राइक पुन्हा हलवताना गुडघ्यावर जो ताण येतो, तो टाळण्यासाठीच तर ही सायकल घेतलेली असते.

मुक्काम एकच ठेवावा आणि रोज तिथूनच निघून तिथेच परत यावे. एका गावाहून दुसऱ्या गावाला जायचा बेत कागदावर छान दिसतो, पण मग गाड्या पुढे कोणी न्यायच्या, दमलेल्या माणसाची ट्राइक कशात घालायची, यातच दिवस जातो. सगळ्यात सोपी रीत घड्याळाची. नऊला सगळे एकत्र निघाले, की सव्वादहाला जो जिथे असेल तिथून त्याने मागे फिरायचे. वेगवान मंडळी लांब गेलेली असतात, सावकाश चालणारी जवळच असतात, आणि आपापल्या चालीने आले तरी सगळे साधारण एकाच वेळी परत पोहोचतात. कोणाला ओढत न्यावे लागत नाही, कोणासाठी खोळंबावे लागत नाही. नवख्या माणसाचा वेग ताशी सात-आठ मैल धरा. शनिवारी सीडरव्हिलची बाजू घ्या, जाऊन-येऊन सोळा मैल. नवख्यांना पहिल्या दिवशी तेवढे पुरे. ही सायकल मांडीच्या आणि कुल्ल्याच्या वेगळ्याच स्नायूंना कामाला लावते, त्यामुळे रोज साधी सायकल चालवणाऱ्यांचेही पाय दुसऱ्या दिवशी भरून येतात. रविवारी यलो स्प्रिंग्जकडे निघावे, पण ज्याचे पाय भरले असतील त्याने पाच मैलांवरून खुशाल फिरावे.

शुक्रवारची संध्याकाळ मात्र मोकळ्या पार्किंगमध्ये फक्त मापे जुळवण्यात घालवा. माणशी वीस मिनिटे लागतातच. पेडल ज्या नळीच्या टोकाला असतात तिला बूम म्हणतात. ती पुढे-मागे सरकवून पायाची लांबी जुळवायची. टाच पेडलवर ठेवून पाय सरळ झाला पाहिजे, म्हणजे चवडा ठेवल्यावर गुडघ्यात थोडा बाक राहतो. बूम एक इंच पुढे घेतली की चेन दोन इंच जास्त लागते, कारण चेन वरून जाते आणि खालूनही परत येते. दोन-तीन इंच सरकवले की मागचा डिरेलर, म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग, ताणून बसतो आणि मोठ्या चक्रांवर गिअर टाकताच काहीतरी तुटते. म्हणून पाच फुटी सासूबाई आणि सहा फुटी जावई यांनी एकच ट्राइक आलटून पालटून चालवायचा बेत करू नये. बूमचे बोल्ट पुन्हा आवळले की नाही हे दुसऱ्या माणसाने तपासावे. ढिली राहिलेली बूम चालताना एका बाजूला कलते.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. ट्राइकवर साधे, उघडे पेडल कधीही चालवू देऊ नका. पाय घसरून जमिनीला टेकला तर ट्राइक पुढे जात राहते, पाय मागे ओढला जाऊन पुढच्या आडव्या दांड्याखाली सापडतो आणि घोटा किंवा नडगी मोडते. वेग फार नसला तरी हे होते. सवय असलेल्यांनी तळाला क्लीट, म्हणजे पेडलमध्ये अडकणारी पट्टी, असलेले बूट वापरावेत. ज्येष्ठांसाठी टाचेला आधार आणि वर पट्टा असलेली पेडल मिळतात, ती बसवून घ्यावीत. पट्टा आवळून बांधला की बोटांना मुंग्या येतात, तेव्हा तो जरा सैल ठेवून दर पाऊण तासाने खाली उतरावे.

खाली उतरणे हाच पुष्कळांचा खरा प्रश्न असतो, आणि ट्राइक ठरवताना तो कोणी विचारात घेत नाही. वेगवान ट्राइकची सीट जमिनीपासून आठ-दहा इंचांवर असते. गुडघे दुखणाऱ्या माणसाला तिच्यावर बसता येते, उठता येत नाही. त्यांच्यासाठी पंधरा इंचांच्या वरची सीट असलेली ट्राइकच मागा. बसताना आणि उठताना पार्किंग ब्रेक लावलेलाच हवा, नाहीतर उठायला जोर द्यावा आणि ट्राइक मागे सरकावी असे होते. उठताना पाय जवळ घेऊन समोरच्याचे दोन्ही हात धरावेत. चाकावर किंवा मडगार्डवर भार टाकू नये. आणि निघताना तोच ब्रेक सोडायला विसरू नये. “आज ट्राइक जडच चालते” अशी तक्रार आली की आधी तिथेच बघा.

कपड्यांचेही सांगायला हवे. पुढची दोन चाके हातांच्या अगदी शेजारी फिरतात. साडी, ओढणी, सैल सलवार, लोंबणारी शाल यांतले काही नको. ऊन समोरून येते, त्यामुळे नडग्या, मांड्या आणि हनुवटीखालचा गळा भाजतो. क्रीम तिथे लावावे, टोपीचा पुढचा भाग हेल्मेटखालून बाहेर राहील असा असावा. प्यायचे पाणी सीटमागे पिशवीत लटकवून नळी खांद्यावरून घेतली की न थांबता पिता येते. खाण्याला केळी, गूळपोळी, चटणी लावून गुंडाळलेली पोळी असे हलके न्या. भरपेट जेवून मागे रेललेल्या सीटवर पेडल मारणे सुखाचे नसते.

आता दुरुस्तीची पेटी. ट्राइकची चेन साध्या सायकलीच्या अडीच चेन जोडून होते, म्हणजे जवळजवळ बारा फूट, आणि ती मध्ये पुलीवरून आणि प्लास्टिकच्या नळ्यांतून जाते. तुटली तर जोडणे अवघड नाही, पण चेन तोडायचे हत्यार आणि क्विक लिंक, म्हणजे तुटलेली टोके जोडायच्या कड्या, हव्यात, आणि त्या ज्या-त्या गिअरच्या हव्यात. नऊ गिअरची लिंक अकरा गिअरच्या चेनला लागत नाही. जोडण्याआधी एक पाहा: एवढ्या लांब चेनला नळीत अर्धा पीळ पडलेला सहज कळत नाही. दोन्ही टोके जवळ आणल्यावर ती सरळ दिसते, जोडून फिरवली की पुलीवरून उतरते. मग पुन्हा सगळे उघडा. जोडण्यापूर्वी बोटाने पूर्ण लांबी चाचपली तर तो अर्धा तास वाचतो.

ट्यूब नेताना नुसते ‘वीस इंची’ म्हणून भागत नाही. वीस इंचांत रिमच्या व्यासाची दोन मापे आहेत, ४०६ आणि ४५१ मिलिमीटर, आणि एकाचा टायर दुसऱ्याच्या रिमवर चढत नाही. बहुतेक ट्राइकची पुढची चाके ४०६ असतात. मागचे चाक वीस इंची असते किंवा सव्वीस इंची. बारा ट्राइकसाठी ४०६ च्या आठ ट्यूब आणि सव्वीसच्या चार न्याव्यात. पंप नळीवाला घ्या, कारण लहान चाकाच्या दाट आऱ्यांमध्ये पंपाचे डोके शिरत नाही. एक सोय मात्र आहे. पुढची चाके एकाच बाजूने धरलेली असल्याने तिथली ट्यूब चाक न काढताच बदलता येते. ट्राइक कुशीवर आडवी केली की झाले.

गाडीतून उतरवल्यावर पुढची चाके समांतर आहेत का ते टेपने मोजा. आसाच्या उंचीवर दोन रिममधले अंतर पुढच्या बाजूला घ्या, मग मागच्या बाजूला. दोन्ही सारखी, किंवा पुढचे एक-दोन मिलिमीटर कमी असावे. फरक जास्त असला तर टायर रस्त्यावर घासत चालतात, ट्राइक जड लागते आणि नवे टायर बघता बघता झिजतात. असे होण्याचे नेहमीचे कारण म्हणजे गाडीत किंवा रॅकवर बांधताना पट्टा स्टिअरिंगच्या बारीक दांडीवरून आवळलेला असतो. पट्टा मुख्य फ्रेमवरूनच घ्यावा. दुरून दिसावी म्हणून ट्राइकला लावलेले झेंडे हायवेला लागण्यापूर्वी काढून आत ठेवावेत.

सहलीत झेंडा हवाच, जमिनीपासून सहा फूट तरी. सप्टेंबरात या भागात मार्गाच्या दोन्ही अंगांना मका डोक्याच्या वर उभा असतो, आणि जिथे मार्ग रस्ता ओलांडतो तिथे खरा धोका असतो. ट्राइकवाल्याचे डोळे खाली असतात आणि पाय डोळ्यांच्या चार फूट पुढे. मक्याच्या पलीकडे दिसेपर्यंत पाय रस्त्यात गेलेले असतात. प्रत्येक गटात एक जण साध्या सायकलीवर ठेवा. त्याने पुढे जाऊन उभे राहून दोन्हीकडे पाहावे आणि मगच गटाला सोडावे. एका वेळी चार-पाच ट्राइकच सोडाव्यात. ओलांडण्याच्या जागी मार्गाच्या मध्ये खांब असतो. पुढच्याने “खांब” अशी हाक द्यावी, कारण मागच्याला पुढच्या सीटची पाठ सोडून काही दिसत नाही. तिथे वेगात वळण घेऊ नये. ट्राइक तोल जाऊन पडत नाही हे खरे, पण वेगात एकदम वळवली तर उलटते. वळताना अंग आतल्या बाजूला झुकवावे. बहुतेक ट्राइकचे दोन ब्रेक डाव्या आणि उजव्या चाकाचे वेगळे असतात. दोन्ही एकदमच दाबावेत, एकच दाबला तर ट्राइक त्या बाजूला ओढते.

शेजारी-शेजारी चालवण्याचा मोह होतो, गप्पा मारता येतात. मार्ग साधारण दहा फूट रुंद आणि ट्राइक पावणेतीन फूट, तेव्हा समोर मोकळे असेल तरच. दोन चाकी रिकंबंट पहिल्यांदाच चालवून बघायची ही जागा नाही. सुरुवातीला ती बरीच डगमगते आणि तिला रुंदी लागते.

सहल ऑक्टोबरपर्यंत लांबवू नये. इथे काळ्या अक्रोडाची झाडे मार्गावर फळे टाकतात. साधी सायकल त्यांना चुकवून जाते. ट्राइकचे तीन वेगळे माग पडतात, एक चाक चुकवावे तर दुसरे नेमके फळावर जाते. झाडांच्या मुळांनी उचललेल्या डांबराचेही तसेच. सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा आमच्या मते उत्तम.

ही आजाऱ्यांची सायकल आहे असा समज असणाऱ्यांसाठी एक नोंद. ७ जुलै १९३३ रोजी पॅरिसमध्ये फ्रान्सिस फॉर याने रिकंबंटवर तासाभरात ४५.०५५ किलोमीटर अंतर कापून १९१४ पासूनचा विक्रम मोडला. पुढच्याच वर्षी जागतिक सायकल संघटनेने अशा सायकलींना शर्यतींतून बाहेर ठेवले. मुलांना आणि नातवंडांना हे सांगावे, आणि रविवारी दुपारी डेटनमधले राइट बंधूंचे विल्यम्स स्ट्रीटवरचे सायकल दुकान दाखवावे.

मंडळांना शेवटी विनंती अशी की नोंदणीच्या फॉर्मवर नाव आणि जेवणाबरोबर उंची, वजन, बसून उठताना आधार लागतो का, स्वतःची ट्राइक असल्यास टायरचे माप आणि गिअरची संख्या एवढे विचारा. काही मॉडेलना २७५ पौंडांची मर्यादा असते, म्हणून वजन. पाहुण्यांच्या प्रवासी विम्यात सायकल चालवताना झालेली दुखापत धरली जाते का, हे त्यांच्या मुलांनी पॉलिसी काढून वाचावे. भाड्याच्या ट्राइक दुकानांत मोजक्याच असतात आणि उंच सीटच्या त्याहून कमी. सहल सप्टेंबरात असेल तर हा फॉर्म जूनमध्येच फिरवा.

आपले,
काही मराठी ट्राइकस्वार
डेटन-झीनिया परिसर, ओहायो