कसम परेडच्या (शपथविधीच्या) आधी दोन शब्द सांगा: संरक्षणमंत्र्यांना खुले पत्र

माननीय संरक्षणमंत्री महोदय,
जय हिंद.

मी पायदळातला निवृत्त हवालदार, राहणार सातारा जिल्हा. माझा पुतण्या अग्निवीर आहे. परवा सुट्टीवर आला, तेव्हा जेवताना सहज विचारलं, ‘‘साहेबांनी चुकीचा हुकूम दिला तर काय करशील?’’ घास हातातच राहिला. म्हणाला, ‘‘काका, हुकूम चुकीचा कसा असेल?’’

मला राग आला नाही. त्याच्या वयात मीही हेच म्हटलं असतं. उस्तादांचा (प्रशिक्षकांचा) रगडा खाताना, मातीत कोपरं सोलताना हेच अंगात भिनतं, आणि भिनायलाच हवं. गोळीबार सुरू झाल्यावर चर्चा करत बसलेली तुकडी जिवंत परतत नाही.

पण आर्मी ॲक्टचं कलम 41 पाहा. हुकूम मोडला तर 14 वर्षांपर्यंत कैद, मात्र तिथे नुसता ‘हुकूम’ नाही, ‘कायदेशीर हुकूम’ आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम 14 मध्ये तर शिपायाचंच उदाहरण आहे: वरिष्ठाच्या हुकमावरून, कायद्याला धरून जमावावर गोळी झाडली, तर गुन्हा नाही. ‘कायद्याला धरून’ हे शब्द काढले, की पोराचं कवचच गेलं. ‘साहेबांनी सांगितलं’ एवढ्यावर तो सुटणार नाही.

जालियनवाला बागेत 1650 फैरी झाडल्या, त्या इंग्रजांच्या हिंदी फौजेतल्या शिपायांनी. 23 एप्रिल 1930 ला पेशावरच्या किस्साख्वानी बाजारात त्याच फौजेतल्या चंद्रसिंह गढवालींनी आणि त्यांच्या साथीदारांनी निःशस्त्र लोकांवर गोळी चालवायला नकार दिला. चंद्रसिंहांना जन्मठेप झाली. स्वतंत्र भारताने पुढे त्यांचं टपाल तिकीट काढलं. पुतण्याला हे नावच ठाऊक नव्हतं. (मलाही कळलं ते पेन्शनीत आल्यावर.)

कसम परेडच्या आधी प्रत्येक रिक्रूटला त्याच्या मायबोलीत ‘कायदेशीर हुकूम’ हे दोन शब्द आणि पेशावरची गोष्ट समजावून द्या. एक तास पुरे.

दुसरी गोष्ट जड आहे. चार वर्षांनी अग्निवीरांपैकी जास्तीत जास्त 25 टक्केच कायम होणार. ज्यांच्या शेऱ्यावर आपली नोकरी टिकायची, त्या साहेबांना एकोणीस वर्षांचा पोरगा ‘‘साब, हे बरोबर नाही’’ कुठल्या तोंडाने म्हणेल? त्याने शंका कुणाकडे न्यायची, आणि ती नेल्यावर त्याचा शेरा बिघडणार नाही याची हमी कोण देणार, ते लेखी कळवा.

आपला,
एक माजी सैनिक