माझा कृत्रिम पाय जुळवून देणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

तुमचं नाव इथे लिहीत नाही, तुम्हाला ते आवडायचं नाही. आभार मात्र चारचौघांत मानायचे आहेत. सॉकेट, म्हणजे कृत्रिम पायाची वरची खोळ, स्टंपवर, म्हणजे पायाच्या उरलेल्या भागावर, कुठे टोचतंय ते चाचपताना तुम्ही मला सॉकेटखालच्या धातूच्या छोट्या तुकड्याची गोष्ट सांगितलीत. माझं लक्ष दुखण्यावरून काढायला सांगितली असेल. पण मी घरी येऊन कृत्रिम हातपाय बनवणाऱ्या ओटोबॉक कंपनीचा सगळा इतिहासच वाचून काढला.

पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीत हातपाय गमावलेल्या सैनिकांची गणतीच नव्हती. एकेक पाय पहिल्यापासून शेवटपर्यंत हाताने घडवायचा, तर इतक्या जणांना पुरे कधी पडणार? ओटो बॉक यांनी १९१९ मध्ये बर्लिनला कंपनी काढली ती यावर तोड म्हणून. सुटे भाग कारखान्यात एकसारखे बनवायचे आणि ठिकठिकाणच्या कारागिरांकडे पाठवायचे. माणसाच्या मापाने ते जोडायचं काम कारागिरांचं. मला तरी या इतिहासातला सगळ्यात शहाणा निर्णय हाच वाटतो. तुमच्या कामाची जागा त्यांनी तेव्हाच राखून ठेवली होती.

पुढे कारखाना थुरिंगियातल्या क्योनिगझेला गेला. दुसऱ्या महायुद्धानंतर तो प्रदेश सोव्हिएत अमलाखाली आला आणि तिथली मालमत्ता जप्त झाली. बॉक यांचे जावई माक्स नेडर यांनी १९४६ मध्ये डूडरश्टाटला नव्याने सुरुवात केली. लाकडाची टंचाई होती, तेव्हा ते प्लॅस्टिककडे वळले.

तुमचा तो तुकडा म्हणजे नेडर यांचा पिरॅमिड अ‍ॅडॅप्टर, पेटंट १९६९ चं. उलटा, चार बाजूंचा पिरॅमिड आणि त्याला चहूकडून धरणारे चार स्क्रू. एक सैल करून समोरचा आवळला की पायाचा कल बदलतो. शेजारशेजारचे दोनच स्क्रू सोडून पाय उतरवला, तर परत जोडताना आधीचं अलाइनमेंट, म्हणजे पायाचा जुळवलेला कल, तसंच मिळतं. किती साधी युक्ती! १९९७ मध्ये याच कंपनीने मायक्रोप्रोसेसरवर चालणारा सी-लेग गुडघा आणला, त्याचं कौतुक सगळे करतात. माझा गुडघा शाबूत आहे, म्हणून असेल, पण मला हे चार स्क्रूच जास्त भावले.

कोणता स्क्रू किती फिरवायचा, हे मात्र कारखान्यातून येत नाही. तुम्ही मला चालायला लावायचात, मागून बघायचात, खाली बसून अ‍ॅलन की जराशी फिरवायचात आणि म्हणायचात, “परत चला.” “आता बरं वाटतंय,” असं मी म्हटलं तरी तुमचं समाधान व्हायचं नाही. तेव्हा कंटाळा यायचा. आज कठडा न धरता जिना उतरतो, तो त्या चिकाटीमुळे.

आणखी एक. संध्याकाळी स्टंप आकसून सॉकेट सैल पडलं तर वर एक मोजा चढवायचा, हे तुम्ही शिकवलेलं मी आता नव्या पेशंटना सांगत असतो. काही चुकीचं सांगत असेन तर पुढच्या तपासणीला रागवा.

तुमचा,
एक पेशंट