आजोबांचं वय शून्य कसं झालं

पुणे, रविवार

प्रिय मंदार,

वाचनालयाच्या यादीत सत्तरीतल्या आजोबांचं वय शून्य दिसतंय म्हणून तू डेटाबेसला शिव्या घातल्यास. तो बिचारा निर्दोष आहे. आजोबांनी मराठी कीबोर्डवरून ‘७२’ लिहिलं आणि तुझ्या पीएचपीने, म्हणजे तू प्रोग्राम लिहिलास त्या भाषेने, त्याचा ‘इंट’ (पूर्णांक) करताना शून्य करून टाकलं. ना एरर, ना वॉर्निंग.

संगणकाला ‘७’ हे एक अक्षर, त्याला एक क्रमांक, एवढंच ठाऊक. इंग्रजी शून्य ४८ वर, आपलं शून्य युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांतल्या अक्षरांच्या क्रमांक-यादीत, २४०६ वर, आणि नऊ २४१५ वर. पीएचपीला आकडे म्हणून ४८ ते ५७ एवढेच कळतात; पहिलंच अक्षर अनोळखी निघालं की शून्य देऊन मोकळी. जावास्क्रिप्ट ही दुसरी भाषा अशा वेळी ‘नॅन’ देते, म्हणजे हा आकडाच नव्हे. पायथॉन या तिसऱ्या भाषेला मात्र आपले अंक वाचता येतात! ‘७२’ दे, बहात्तर मिळतात. एक अंक मराठी, एक इंग्रजी असला तरी चालतं. ‘७२ वर्षे’ लिहिलंस की मात्र साफ नकार.

मला विचारशील तर या तिघांत शून्यच सगळ्यात घातक. नॅन सरासरीत शिरलं की अख्खी सरासरी नॅन होते, लगेच कळतं. शून्य बिनबोभाट मिसळून जातं.

अर्थात भाषेने बोंब मारली म्हणजे भागतं असंही नाही. ४ जून १९९६ ला युरोपचं एरियन-५ रॉकेट पहिल्याच उड्डाणात जेमतेम ४० सेकंदांत फुटलं. आडव्या वेगाशी निगडित एक ६४ बिटांचा अपूर्णांकी आकडा १६ बिटांच्या पूर्णांकात कोंबायचा होता, आणि तिथे ३२,७६७ च्या वर जागाच नाही. त्यातल्या अ‍ॅडा या प्रोग्रामिंग भाषेने रीतसर एक्सेप्शन दिलं, म्हणजे चूक झाल्याची हाक दिली. पण त्या आकड्यासाठी ते झेलायची सोयच ठेवली नव्हती. आधीच्या एरियन-४ वर तो कधी एवढा वाढत नसे, आणि कोड तिथूनच उचललेला. दिशा सांगणारी यंत्रणा बंद पडली. जोडीची राखीव यंत्रणाही त्याच कोडवर चालत होती, तीही त्याच कारणाने आधीच बसली होती.

तुझं काम सोपं आहे. सर्व्हरवर आधी पीएचपीच्या अक्षरं बदलणाऱ्या ‘एसटीआरटीआर’ने मराठी अंकांचे इंग्रजी कर, मग थेट इंट न करता ‘फिल्टर_व्हार’कडे पूर्णांक आहे का ते तपासायला पाठव. न जमल्यास ते ‘फॉल्स’ (असत्य) देतं. उत्तराची फॉल्सशी तुलना तीन बरोबर-चिन्हांनी कर हं, दोन लावलीस तर शून्य आणि फॉल्स पुन्हा एकच.

सभासद क्रमांकाला मात्र इंट लावूच नकोस. त्याची बेरीज कोण करणार आहे? ‘००४७’ चा ४७ झाला तर जुन्या रजिस्टरशी मेळ बसायचा नाही, आणि मग जोशीकाका तुला सोडायचे नाहीत.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
निखिल