गृहमंत्री साहेब, वाळीत टाकलेल्यांचा 'समझोता' पोलीस ठाण्यात लावू नका

माननीय गृहमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

सविनय नमस्कार.

दक्षिण रायगडातल्या एका लहान गावातून हे पत्र लिहिते आहे. गावाचं नाव मुद्दाम घातलेलं नाही. ते तुमच्या खात्याच्या कागदांवर आहेच, आणि इथे लिहिलं तर गावाची बदनामी केली म्हणून आणखी दंड बसेल. विषय एवढाच की गावकीने, म्हणजे गावच्या पंचमंडळींनी, आमच्या कुटुंबाला वाळीत टाकलं, आणि त्यावर पोलीस ठाण्यात झालेला समझोता यंदाच्या शिमग्यात सर्वांदेखत मोडला गेला.

त्या कागदावर लिहिलं होतं की ग्रामदेवतेची पालखी इतर घरांप्रमाणे आमच्याही दारी येईल. ठाण्यातल्या साहेबांनी तो स्वतः वाचून दाखवला, पंचांनी सह्या केल्या, चहा झाला. पंच खुर्च्यांवर होते, आम्ही बाकड्यावर. शिमग्याला मी अंगण सारवून, खणानारळाचं ताट घेऊन दारात उभी राहिले. शेजारच्या अंगणातून पालखी उठली आणि आमच्या गडग्याशी येताच ढोल थांबला. पालखी धरणारे खाली मान घालून आमचं घर ओलांडून गेले, आणि पुढच्या घरापाशी ढोल पुन्हा सुरू झाला. पालखीच्या दांड्याला आमचा चुलत पुतण्याच होता. रात्री ठाण्यात फोन केला तेव्हा उत्तर मिळालं, "ताई, देवाच्या पालखीवर आम्ही कशी जबरदस्ती करणार?"

देवावर जबरदस्ती करा असं मी म्हटलंच नव्हतं. पंचांवर करा म्हटलं होतं.

आता आमचा गुन्हाही ऐका. ग्रामपंचायतीला आमच्या प्रभागात महिला राखीव जागा आली. गावकीने देवळात बसून एक नाव ठरवलं. ज्या बाईचं ठरवलं तिलाही विचारलं नव्हतं, तिच्या नवऱ्याला विचारलं होतं. मी अर्ज भरला. मागे घे म्हणाले, घेतला नाही. निवडणूक झाली आणि मी सपाटून पडले. म्हणजे मतदारांनी मला जी शिक्षा द्यायची ती दिली. गावकीचं तेवढ्याने भागलं नाही. 51 हजार रुपये दंड आणि देवळात सगळ्यांच्या पाया पडून माफी. दोन्ही नाकारलं, तेव्हापासून आम्ही वाळीत. आमच्याशी जो बोलेल त्याला हजार रुपये दंड होता. आता पाच हजार झाल्याचं ऐकते. महागाई गावकीलाही सोडत नाही.

साहेब, वाळीत म्हणजे काय हे मंत्रालयात बसून कळणार नाही. दुकानदार वाईट माणूस नाही, तो नुसता "संपलंय" म्हणतो. मीठसुद्धा संपलेलं असतं. दळण घेऊन मी मिनीडोअर रिक्षाने तालुक्याला जाते. मिनीडोअरही गावातली नाही, फाट्यापर्यंत चालत जाऊन दुसऱ्या गावातली धरायची. पाच किलो तांदळाचं पीठ मला शंभराच्या वर जातं. लावणीला एकमेकांकडे जाण्याची आमच्याकडे रीत आहे, ती आमच्यापुरती बंद. दोन पावसाळे निम्मं शेत ओस पडलं. सहावीतला मुलगा शाळेत सगळ्यांसोबत बसतो, पण क्रिकेटला त्याला घेत नाहीत. नवरा मुंबईला नोकरीला. तिथे गाववाल्यांच्या सामाईक खोलीवर त्याचं अंथरूण होतं, ते गावच्याच लोकांच्या मुंबई मंडळाने गुंडाळून ट्रंकेवर ठेवलं. आणि ही मंडळी लालबागला राहतात, एसी लोकलने जातात, मोबाइलवर समतेचे फोटो पाठवतात!

आणि सासूबाई गेल्या. जन्मभर त्यांनी गावातल्या बाळंतिणी न्हाऊ घातल्या. ज्यांना न्हाऊ घातलं, त्यांच्यातले दोघे आज पंच आहेत. मयत घरात आणि वाडीतलं एक माणूस उंबरा चढेना. एक म्हातारी मागच्या दाराने आली, पदराने तोंड झाकून रडली, तशीच गेली. नवरा मुंबईहून कामावरचे तीन मित्र घेऊन आला. एक सोलापूरचा, एक बिहारचा, एक मुसलमान. त्यांनी खांदा दिला. सरण रचायला लाकडं मिळाली नाहीत. घरामागचा वासा तोडला.

हे मी तक्रारीत लिहून दिलं होतं. ठाण्यातल्या साहेबांनी विचारलं, "एवढं सगळं लिहायची गरज आहे का?"

कायदा मला तोंडपाठ झाला आहे, तुमच्या माणसांना नसेल म्हणून लिहिते. सामाजिक बहिष्कारापासून व्यक्तींचे संरक्षण करणारा कायदा एप्रिल 2016 मध्ये विधिमंडळाने केला, जुलै 2017 पासून तो लागू आहे. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. गुन्हा दखलपात्र आहे. आरोपपत्र दाखल झाल्यापासून सहा महिन्यांत निकाल लागायचा आहे. समझोता व्हायचा तर पीडिताची संमती हवी आणि कोर्टाची परवानगी हवी. ठाण्यात चहावर समझोता लावायचं कलम मला कुठे सापडलं नाही. सामाजिक बहिष्कार प्रतिबंध अधिकारी नावाचं पदही कायद्यात आहे. तालुक्याला विचारलं तर म्हणाले जिल्ह्याला विचारा, जिल्ह्याला विचारलं तर म्हणाले तालुक्याला असेल.

देशातला पहिला कायदा म्हणून केवढे ढोल वाजले होते! खरं तर मुंबई प्रांताने 1949 सालीच बहिष्काराविरुद्ध कायदा केला होता. दाऊदी बोहरा धर्मगुरूंनी आव्हान दिलं आणि 1962 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. म्हणजे हा दुसरा. पहिला कोर्टाने मारला, दुसरा ठाण्यातच मरतो आहे.

ठाण्यातले साहेब तरी काय करतील म्हणा. आमचे एक पंच तंटामुक्त समितीचे अध्यक्ष आहेत. महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम 2007 साली सुरू झाली, हेतू चांगला असेल. पण गावात तंटा नाही असं दाखवायचं तर तक्रार करणारालाच गप्प करणं सगळ्यांत स्वस्त पडतं. आमच्या गावात तंटा नाहीच. वाळीत टाकलेल्याशी कोण भांडणार?

दुसरं कौतुक बिनविरोधचं. निवडणूक बिनविरोध करा, गावाला लाखोंचा निधी देतो, असं आमदार उघड जाहीर करतात आणि पेपरात फोटो येतात. बिनविरोध कशी होते हे कुणी विचारत नाही. नाशिकच्या उमराण्यात सरपंचपदाची बोली दोन कोटींच्या वर गेली, नंदुरबारच्या खोंडामळीतही बोली लागली, तेव्हा जानेवारी 2021 मध्ये राज्य निवडणूक आयोगाने दोन्ही निवडणुका रद्द केल्या. चांगलं केलं. पण जिथे बोली लागत नाही, नुसता दम दिला जातो, तिथे काय? तिथे तुम्ही बक्षीस देता. माझा अर्ज हा गावाच्या निधीवर दरोडा होता, असं मला तोंडावर सांगितलं गेलं. हा हिशेब गावकीने स्वतःच्या डोक्यातून काढलेला नाही, तो मुंबईहून आला.

आणि जिल्हा कोणता? ज्याच्या महाडात 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी प्यायलं. 2027 साली त्याला शंभर वर्षं होतात. तुम्ही सगळे याल, हार घालाल. तिथून गाडीने फार लांब नसलेल्या गावात एका बाईला मीठ मिळत नाही, हे भाषणात घ्या. वाळीत टाकताना आमची जात आड आली नाही. टाकणारे आमच्याच जातीचे, आमच्याच भावकीतले आहेत. त्यामुळे कुठल्या पक्षाला मोर्चा काढायलाही सोय नाही.

मागणं थोडं आहे. माझी तक्रार 2016 च्या कायद्याखाली नोंदवा, 'भावकीचा वाद' म्हणून नव्हे. प्रतिबंध अधिकाऱ्याचं नाव आणि फोन नंबर तालुक्याच्या फलकावर लावा. पंचाच्या हातात तंटामुक्त समिती ठेवू नका. आणि बिनविरोधसाठी पैसे देणाऱ्या आमदारांना, ते तुमच्याच बाकांवरचे असले तरी, आवरा.

आमच्या प्रभागात पुन्हा निवडणूक येईल तेव्हा मी अर्ज भरणार आहे. गावकीला हे अजून ठाऊक नाही, हे पत्र वाचून कळेल. त्या दिवशी तहसील कचेरीच्या दारात पोलीस हवा आहे. तो पंचांच्या ओळखीचा नको.

आपली,
रायगड जिल्ह्यातील एक मतदार