स्टार्टचं बटण मधात आलं म्हणून?

महोदय,

आमच्या भागात ‘विंडोज ११’चं नाव पार खराब झालं आहे. माझं ऑनलाइन कामाचं दुकान आहे. सातबारा काढायला आलेला शेतकरीही स्क्रीनकडे पाहून सांगतो, “नोको घेऊ भाऊ, बेक्कार हाये ते.” त्यानं स्वतः कधी वापरलेलं नसतं, पुतण्याकडून ऐकलेलं असतं.

निम्म्या तक्रारी तर स्टार्ट बटणाच्या. डावा कोपरा सोडून ते मधात आलं, बस्स! सेटिंगमधून मी ते परत डावीकडे सरकवून दिलं, की गिऱ्हाईक खूश. सारा खेळ नावाचा. २००८ साली तर मायक्रोसॉफ्ट कंपनीनं बदनाम झालेली विंडोजची तेव्हाची आवृत्ती, व्हिस्टाच, ‘मोहावी’ या बनावट नावानं लोकांना दाखवली होती. नाव बदलताच नाकं मुरडणाऱ्यांनाही ती आवडली.

खरी अडचण वेगळीच आहे. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, इंटेलचा प्रोसेसरही आठव्या पिढीपासूनचा लागतो. २०१५-१६ साली घेतलेला संगणक कितीही धडधाकट असो, तो या नियमात बसत नाही. इकडे विंडोज १०चे नेहमीचे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ला संपले. कापसाचे पैसे हाती येईपर्यंत नवा संगणक कशाच्या जोरावर घ्यायचा? यावर मात्र कोणी चकार शब्द काढत नाही.

जुन्या संगणकावर विंडोजऐवजी चालणारं मोफत लिनक्स कसं टाकायचं, मराठी टायपिंग त्यात कसं चालतं, यावर आपण एक रकाना छापावा. कात्रण दुकानात काउंटरवरच चिकटवीन.

– एक वाचक, दारव्हा (जि. यवतमाळ)